कळते पण वळत नाही: चालढकल ओळखण्याची आणि मोडण्याची पद्धत

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात गृहनिर्माण संस्थेचा नामनिर्देशनाचा अर्ज चार वर्षे पडून होता. ठाण्याच्या नौपाड्यातली सदनिका नावावर झाली, भागपत्र हाती आले आणि त्याच्यासोबत संस्थेच्या सचिवांनी हा अर्जही दिला. तो तीन प्रतींत भरायचा, आपल्या पश्चात संस्थेने कुणाशी व्यवहार करायचा त्याचे नाव, नाते आणि हिस्सा लिहायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि कार्यालयात नेऊन द्यायचा, एवढेच काम होते. कार्यालय आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. याच चार वर्षांत मी नोकरी बदलली, घराला रंग काढून घेतला, आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची सगळी धावपळ केली. तेव्हा मी आळशी आहे असे कुणी म्हणू शकले नसते. तरीही काही कारणाने तो खण उघडला की अर्ज दिसे, पोटात खड्डा पडल्यासारखे होई आणि मी खण पुन्हा लावून टाकी.

‘भिजत घोंगडे’ हा शब्दप्रयोग अशा कामांसाठीच आहे. घोंगडे जितके अधिक भिजते तितके उचलायला जड होते, हे ज्याने पहिल्यांदा पाहिले त्याला चालढकलीचे निम्मे शास्त्र समजले होते. उरलेले निम्मे म्हणजे ते मुळात भिजत का पडते आणि उचलायचे कसे, त्याचा विचार या लेखात केला आहे.

आळस वेगळा, चालढकल वेगळी

आळशी माणसाला काम करायचेच नसते आणि त्याची त्याला फारशी खंतही नसते. चालढकल करणाऱ्याला काम करायचे असते, ते न केल्याने आपलेच नुकसान होणार आहे हे ठाऊक असते, आणि तरीही तो ते स्वतःहून पुढे ढकलतो. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरील शेकडो संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा चालढकलीची व्याख्या याच अर्थाने केली. आपल्याकडे हा भेद जुनाच आहे. भगवद्गीतेच्या १८व्या अध्यायातील २८व्या श्लोकात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना ‘अलस’ आणि ‘दीर्घसूत्री’ असे दोन वेगळे शब्द आले आहेत, आणि ‘दीर्घसूत्री’च्या लगेच आधी ‘विषादी’ हा शब्द आहे. खिन्न मन आणि लांबणीवर पडणारे काम यांचा हा शेजार मला फार बोलका वाटतो, कारण अलीकडचे मानसशास्त्रही त्याच दिशेने बोट दाखवते.

लांबणीवर टाकलेली प्रत्येक गोष्ट चालढकल नसते, हेही इथेच स्पष्ट केले पाहिजे. घराच्या दुरुस्तीसाठी तिसऱ्या कंत्राटदाराचे दरपत्रक यायची वाट पाहणे हे शहाणपण आहे. कसोटी सोपी आहे: थांबल्याने काही नवी माहिती, पैसा किंवा माणूस हाताशी येणार आहे का? येणार असेल तर ते नियोजन. काहीच येणार नसेल आणि तरीही आपण थांबलो असू, तर पुढचा मजकूर आपल्यासाठी आहे.

मनात नेमके काय घडते

चालढकल हा वेळेच्या हिशेबाचा दोष आहे असे समजून बहुतेक जण रोजनिशी विकत घेतात, मोबाइलवर कामांच्या याद्या करतात, आणि काही दिवसांनी त्या याद्या पाहणेही टाळू लागतात. फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेला विचार वेगळा आहे. त्यांच्या मते आपण काम टाळत नाही, त्या कामाबरोबर येणारी नकोशी भावना टाळतो. काम बाजूला ठेवताच ती भावना क्षणभर मावळते, सुटल्यासारखे वाटते, आणि ही सुटकाच बक्षीस ठरून पुढच्या वेळी तेच करायला लावते. मी दर वेळी खण लावत होते, तेव्हा दर वेळी स्वतःला खण लावायचे प्रशिक्षणच देत होते.

ही सुटका मात्र उधारीची असते. डायन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की चालढकल करणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा कमी ताणात आणि कमी आजारी होते. सत्र संपत आले तेव्हा त्यांचा ताण आणि आजारपण दोन्ही इतरांपेक्षा वाढले, एकूण बेरीज जास्तच भरली, आणि गुणही कमी मिळाले. ‘आजचे मरण उद्यावर’ ढकलताना व्याजही चढत असते, ते असे.

यात आणखी तीन गोष्टी मिसळतात. हे काम आपल्याला जमेल असा विश्वास कमी असेल, त्याचे फळ फार दूर असेल, किंवा आपला स्वभाव समोर येईल त्याकडे झेपावण्याचा असेल, तर चालढकल वाढते. स्टील यांच्या आढाव्यातही कामाचा नकोसेपणा, फळाला लागणारा अवधी, आत्मविश्वासाची उणीव आणि उतावीळपणा यांचाच चालढकलीशी घट्ट संबंध आढळला. ‘मी परिपूर्णतेचा ध्यास असलेला माणूस आहे, म्हणून माझी कामे रखडतात’ हे मुलाखतींतले लाडके उत्तर मात्र त्या आकडेवारीत फारसे टिकत नाही. तो संबंध क्षीण निघाला. हे वाचून मला थोडे वाईट वाटले, कारण ते उत्तर मीही एकदा देऊन बसले होते.

पहिली पायरी: सात दिवसांची नोंद

सर्वांत आधी, काहीही सुधारण्याचा प्रयत्न न करता, सात दिवस फक्त नोंद ठेवावी. एखादे काम हातात घेऊन आपण ते सोडले, किंवा त्याचा विचार मनात येताच दुसरीकडे वळलो, की वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: काम कोणते, त्याऐवजी काय केले, आणि वळण्याच्या क्षणी मनात काय होते. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच लिहायला हात आखडतो. ‘कंटाळा’ हा शब्द पहिल्यांदा सुचेल. तो लिहावा, पण तिथे थांबू नये, कारण कंटाळ्याच्या पांघरुणाखाली बऱ्याचदा वेगळेच काही झोपलेले असते.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे त्यांना आपल्या सर्वांपेक्षा चांगले माहीत आहे. पण महिना संपत आला तरी ते ‘उद्या जातो’ म्हणत राहिले. घरच्यांनी त्यांना आळशी ठरवले, विसराळू ठरवले. सहज गप्पांत कळले, की आदल्या वर्षी त्यांच्या झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, मागे रांग खोळंबली आणि कुणीतरी मोठ्याने हसले. ते दाखल्याला टाळत नव्हते, त्या रांगेला टाळत होते. एवढे उलगडल्यावर उपाय दहा मिनिटांचा होता: ‘जीवन प्रमाण’ या सरकारच्या डिजिटल हयातीच्या दाखल्याच्या सोयीत मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, आणि ते त्यांच्याच दिवाणखान्यात बसून झाले. भावनेचे नाव कळले नसते, तर आम्ही त्यांना फक्त रोज आठवण करून देत राहिलो असतो.

नोंदी चाळल्या की आपली कामे साधारणपणे चार कारणांत वाटली जाताना दिसतात. काही कामांत नेमके काय करायचे हेच कळलेले नसते. कागदपत्रांची बहुतेक कामे या गटातली, आणि त्यांना हवी असते माहिती, मनोधैर्य नव्हे. काहींत धास्ती असते: निकालाची, नकाराची, हसे होण्याची. काही कामे खरोखरच रटाळ असतात. आणि काहींत चीड दडलेली असते, कारण ते काम आपल्यावर कुणीतरी लादलेले असते आणि न करणे हाच आपला मूक निषेध असतो. या शेवटच्या गटावर कोणतीही युक्ती चालत नाही. ते काम नाकारावे, वाटून घ्यावे किंवा त्या माणसाशी बोलावे. मनातल्या मनात संप करून काही पदरात पडत नाही.

माझ्या अर्जाची नोंद करायला बसले तेव्हा मीही आधी ‘कंटाळा’ लिहिले. मग ते खोडून लिहिले, ‘हा अर्ज भरताना मला माझ्या मरणाचा विचार करावा लागतो, आणि कुणाचे नाव लिहिले हे भावाला कळेल तेव्हा काय होईल याचाही.’ चार वर्षांचे कोडे दोन ओळींत मावले.

दुसरी पायरी: काम हाताला लागेल एवढे लहान करणे

‘आयकर विवरणपत्र भरणे’ हे काम नाही, तो कामांचा ढीग आहे, आणि ढिगाकडे पाहून कुणालाच हात घालावासा वाटत नाही. पगारदार माणसासाठी त्याची फोड अशी होईल: कार्यालयाकडून फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, मागवणे, आयकर विभागाच्या संकेतस्थळावर परवलीचा शब्द चालतो का ते पाहणे, तिथूनच वार्षिक माहिती विवरण आणि २६एएस (आपल्या नावे जमा झालेल्या कराचा तक्ता) उतरवून घेणे, बँकेच्या व्याजाचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहणे, बँक खात्याचा तपशील तपासणे, मग विवरणपत्र भरणे, आणि शेवटी त्याची पडताळणी करणे. यातले दुसरे काम तीन मिनिटांचे आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे बहुतेकांचे घोंगडे तिथेच भिजत असते: परवलीचा शब्द आठवत नाही, ही शरम पुरेशी असते.

पडताळणीचे काम मुद्दाम वेगळे लिहिले आहे. विवरणपत्र दाखल केले की जिंकलो असे वाटून लोक लॅपटॉप मिटतात; पण ३० दिवसांत पडताळणी झाली नाही तर ते वेळेत भरल्याचे धरले जात नाही. पगारदारांसाठी नेहमीची मुदत ३१ जुलैची असते, आणि ती टळली तर विलंबशुल्क ५,००० रुपयांपर्यंत जाते; एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर ते १,००० रुपयांवर थांबते. इतक्या स्पष्ट दंडानेही माणसे हलत नाहीत, यावरूनच नुसत्या भीतीची ताकद किती तोकडी आहे ते दिसते. जुलैतला दंड एप्रिलमध्ये फार लहान दिसतो.

पहिला तुकडा पुरेसा लहान झाला आहे का, हे ओळखण्याची खूण अशी: ते वाक्य वाचताच हात कुठे जाणार हे कळले पाहिजे. ‘अभ्यासाला सुरुवात करणे’ वाचून हात कुठेच जात नाही. ‘राज्यशास्त्राच्या पुस्तकाचे पान ४१ उघडून पहिला परिच्छेद मोठ्याने वाचणे’ वाचले की हात पुस्तकाकडे जातो. धास्तीच्या गटातल्या कामाला पहिला तुकडा मुद्दाम वाईट करण्याची मुभा द्यावी, म्हणजे पत्राचा कच्चा, चुकांनी भरलेला मसुदा लिहावा आणि त्या दिवशी तो कुणालाही दाखवू नये.

तिसरी पायरी: ‘जेव्हा–तेव्हा’चे वाक्य

‘या आठवड्यात करीन’ हा संकल्प आहे. त्याला ठिकाण नाही, वेळ नाही, म्हणून तो आठवडाभर तरंगत राहतो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले, की संकल्पाला ‘जेव्हा अमुक घडेल तेव्हा मी तमुक करीन’ असे रूप दिले तर तो पार पडण्याची शक्यता लक्षणीय वाढते. त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा आढावा घेतला आणि परिणाम मध्यम ते मोठ्या स्वरूपाचा आढळला. मनाच्या बाबतीतल्या उपायांत एवढे मिळणे थोडके नाही.

ठाणे–नवी मुंबईच्या प्रवाशाला या वाक्यासाठी खुणा शोधत जावे लागत नाही. मी तुर्भ्याला नोकरीला जाते. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याच्या नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांवरून, इथूनच सुटते, त्यामुळे एखादी गाडी सोडली तर बसायला मिळते. माझे वाक्य असे आहे: ‘गाडीने दिघा गाव सोडले, की मी मोबाइलवरची कामाची टिपणवही उघडीन आणि तुर्भे येईपर्यंत तीच उघडी ठेवीन.’ ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशी पंधरा-वीस मिनिटे मिळतात. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून ज्या पद्धतीला ‘पोमोदोरो’ नाव दिले, तिच्यात काम २५ मिनिटांचे असते. माझा टोमॅटो मध्य रेल्वे चालवते. पंचवीस हा आकडा काही मंत्र नाही. ज्याला घरी बसून काम करायचे आहे त्याने कुकरच्या शिट्ट्या मोजल्या तरी चालेल. महत्त्वाचे एवढेच, की सुरुवातीची आणि शेवटची खूण आपल्या मनाबाहेर असावी.

एका वाक्यात एकच काम घालावे. मी उत्साहाच्या भरात एकदा सात वाक्ये लिहिली होती आणि त्यातले एकही पाळले नाही.

चौथी पायरी: वेळेचा अंदाज घोडबंदर रस्त्याच्या हिशेबाने

ठाण्यातला माणूस सदा कोंडलेल्या घोडबंदर रस्त्याने माजिवड्याहून गायमुखला किती वेळात पोहोचू हे किलोमीटर मोजून कधीच सांगत नाही. तो वार विचारतो, तास विचारतो, पाऊस आहे का विचारतो, काल किती वेळ लागला ते आठवतो. तोच माणूस ‘प्रकल्प अहवाल दोन दिवसांत होईल’ असे म्हणताना मात्र रस्ता पूर्ण मोकळा धरून चालतो. डॅनिएल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या नियोजनभ्रमाकडे लक्ष वेधले. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले.

म्हणून अंदाज करताना ‘किती वेळ लागेल’ असे न विचारता ‘मागच्या वेळी किती लागला होता’ असे विचारावे. मागचा अनुभव नसेल तर मनात आलेल्या आकड्याची दीडपट ते पावणेदोनपट धरावी. चालढकल करणाऱ्याला याचा वेगळा लाभ आहे: खोटा छोटा अंदाजच त्याला ‘अजून वेळ आहे’ असे म्हणू देत असतो.

पाचवी पायरी: मोबाइल, खोली आणि शेजार

याबाबत फार लिहिण्यासारखे नाही, करण्यासारखे आहे. मोबाइल उलटा ठेवून भागत नाही. तो दुसऱ्या खोलीत, शक्यतो उठून जावे लागेल इतका दूर ठेवावा. एका खोलीत चार माणसे राहतात तिथे हे उपदेश हास्यास्पद ठरतात, आणि म्हणूनच शहरात अभ्यासिका भरलेल्या असतात. तिथे शांतता असते असे नाही, पण इतर दहा जण मान खाली घालून बसलेले असतात आणि आपल्यालाही उठायला संकोच वाटतो. असा संकोच उपयोगी आहे. काम सुरू करण्यासाठी लागणारे सगळे, म्हणजे कागद, चष्मा, चार्जर, आदल्या रात्री मांडून ठेवावे. ‘पेन शोधणे’ हे चालढकलीचे आवडते प्रवेशद्वार आहे.

सहावी पायरी: मधल्या मुदती, आणि दुसऱ्याच्या साक्षीने

डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टनब्रोख यांचा २००२ चा अभ्यास इथे कामाला येतो. त्यात सहभागी झालेल्यांना तीन मजकूर तपासून त्यांतल्या चुका काढायच्या होत्या. ज्यांना समान अंतरावर तीन मुदती बाहेरून ठरवून दिल्या, त्यांचे काम सर्वांत चांगले झाले; ज्यांनी मुदती स्वतः निवडल्या ते मध्ये राहिले; आणि ज्यांना फक्त शेवटची एकच मुदत होती ते सर्वांत मागे पडले. यावरून दोन गोष्टी करता येतात. शेवटच्या तारखेच्या आधी निदान दोन मधल्या तारखा घालाव्यात, आणि त्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्याव्यात. हा माणूस रागावणारा नसावा. रागावणाऱ्या माणसाला आपण भेटणेच टाळू लागतो. तो फक्त ‘झाले का, दाखव’ म्हणणारा असावा. आमच्या कार्यालयातल्या दोघी जणी दर शुक्रवारी डबा खाताना एकमेकींना आपापला अपुरा तक्ता दाखवतात. बोलतात भलतेच काही, पण तक्ते पुढे सरकतात.

घसरल्यावर काय करावे

वरचे सगळे करूनही एखादा आठवडा वाया जाईल. तेव्हा स्वतःला शिव्या घालणे हा सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत महागडा प्रतिसाद आहे, कारण त्याने कामाला आणखी एक नकोशी भावना चिकटते आणि ते अधिक टाळावेसे वाटते. मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत कमी चालढकल केली. माफ करणे म्हणजे ‘चालायचेच’ म्हणणे नव्हे. ‘मी टाळले, त्याने हे नुकसान झाले, आता पुढचा तुकडा हा’ एवढी तीन विधाने, विशेषणे न लावता, वहीत लिहिणे पुरते.

एक गोष्ट मात्र या पायऱ्यांच्या बाहेरची आहे. टाळली जाणारी कामे एखाद-दुसरी नसून सगळीच असतील, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, अथवा लहानपणापासूनच लक्ष एका जागी ठरत नसेल, तर त्यामागे नैराश्य, चिंताविकार किंवा अवधानाचा विकार असू शकतो, आणि त्यावर वहीतल्या नोंदी हा उपचार नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

माझ्या अर्जाचे काम शेवटी असे झाले. धास्तीचे खरे कारण भाऊ होता, म्हणून पहिला तुकडा अर्ज हा नव्हताच; पहिला तुकडा होता भावाला फोन करणे. ‘रविवारी आईकडे जेवण झाले, की बडीशेप खाताना विषय काढीन’ असे वाक्य लिहिले आणि काढला. तो म्हणाला, “ताई, भाच्याचंच नाव घाल की, त्यात विचारायचं काय?” आणि लगेच त्याच्या मोटारीच्या विम्याबद्दल सांगू लागला. साक्षीदार म्हणून मजल्यावरचे काका आणि समोरच्या काकू यांनी सह्या केल्या. सचिवांनी दोन प्रती ठेवून घेतल्या, तिसरीवर पोच म्हणून शिक्का मारला आणि कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत नोंद घेतली जाईल असे सांगितले. अर्जावरची छापील तारीख चार वर्षांपूर्वीची होती; ती खोडून नवी घालताना त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिले, पण काही विचारले नाही.